रायफलची बॅरल जास्त तापली हे कसं ओळखायचं आणि किती गोळ्यांनंतर थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये अमेरिकेत साउथ डकोटाला मेहुण्याकडे जाणार आहात. तिथे प्रेअरी डॉग नावाच्या बिळातल्या प्राण्यावर दिवसाला दोन-अडीचशे गोळ्या सहज चालतात असं तो सांगतो. सध्या तुम्ही नागपुरात स्वतःच्या परवान्यावरच्या थर्टी-ओ-सिक्स रायफलने सराव करताय आणि पाचव्या-सहाव्या गोळीनंतर नेम वर सरकायला लागतो. बॅरल हाताला सोसेल इतकी गार झाली की पुन्हा सुरू करायचं हे बरोबर आहे का, आणि वरून पाणी ओतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो. हात लावून ठरवायची पद्धत नागपूरच्या मे महिन्यात अजिबात भरवशाची नाही. पाणी ओतू नका, ओलं फडकं ठेवा. आणि थांबायचं ते गोळ्या मोजून आणि घड्याळ बघून. आता हे का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझी एक चांगली बॅरल गेली आहे.

मी बावीस वर्षं रायफल चालवतोय. ती बॅरल गेली तेव्हा माझ्याकडे .२४३ रायफल होती. एका स्पर्धेच्या तयारीसाठी मे महिन्यात सहा दिवस रोज सकाळी साठेक गोळ्या मारल्या. मध्ये मध्ये बॅरलच्या टोकाला हात लावून बघायचो, चटका बसला की थांबायचो, नाहीतर चालू. हंगाम संपेपर्यंत पंचवीस पैशांच्या नाण्याएवढा येणारा ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, वाटीएवढा झाला. बोअरस्कोप आत घालून बघितलं. काडतूस बसतं ते चेंबर संपून जिथे खाचा सुरू होतात, त्या दोन-तीन बोटं जागेत पोलाद भेगाळलेलं होतं. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकून जसा चौकोन-चौकोन तडकतो, हुबेहूब तसं. पुढची सगळी बॅरल आरशासारखी चकचकीत. सगळ्या मिळून चौदाशे गोळ्यासुद्धा झाल्या नव्हत्या.

बॅरल मरते ती त्या दोन-तीन बोटांत. तिला आम्ही थ्रोट म्हणतो. काडतुसातली दारू जळते तेव्हा वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. पोलाद साधारण दीड हजाराला वितळतं. वाचतं ते एवढ्यासाठीच, की हा मारा हजारांश सेकंदाचा असतो आणि आतल्या पृष्ठभागावरची उष्णता लगेच आजूबाजूच्या जाड, गार पोलादात पसरते. आता ते आजूबाजूचं पोलादच आधीपासून तापलेलं असेल, तर उष्णता पसरायला जागा उरत नाही, आतला थर जास्त वेळ जास्त तापलेला राहतो आणि त्याला बारीक चिरा पडत जातात. बाहेरून हात लावल्यावर कळतं ते यातलं काहीच नाही. बाहेरचा भाग तर उशिरा तापतो. शेवटची गोळी मारून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडून ठेवलात तरी पुढची दोन-तीन मिनिटं चेंबरजवळचा बाहेरचा भाग आणखी तापत जाताना दिसेल.

साधारण हिशेब सांगतो. थर्टी-ओ-सिक्सच्या काडतुसात साडेतीन ग्रॅमच्या आसपास दारू असते. तिच्या उष्णतेचा पाव-पंचमांश भाग बॅरलमध्ये राहतो. सडपातळ शिकारी बॅरलचं वजन सव्वा-दीड किलो धरलं तर एका गोळीमागे तिचं सरासरी तापमान चार-पाच अंशांनी चढतं. दहा गोळ्या भराभर मारल्या की चाळीस-पन्नास अंश. पॉइंट टू-टू रिमफायरमध्ये दारू असते चिमूटभर, दशांश ग्रॅमच्या आगेमागे. म्हणून पन्नास मीटरवर साठ गोळ्यांची स्पर्धा खेळणाऱ्या मुलांना बॅरल तापण्याची चिंता नसते. तुम्ही आधी पॉइंट टू-टू चालवत होता असं लिहिलंय. सवय तिथली आहे, हत्यार दुसरं आहे.

आता नागपूरची गोष्ट. वस्तू गार होते ती भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त तापली आहे त्या प्रमाणात. बॅरल ९० अंशांवर आहे समजा. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंश असते, फरक ७५ चा. मे महिन्यात दुपारी हवा ४५, फरकही ४५ चाच. ९० वरून ५० वर यायला डिसेंबरात जेवढा वेळ लागेल, त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ मेमध्ये लागतो. परदेशातल्या व्हिडिओत बघून 'पाच मिनिटं थांबलं की झालं' हे इथे लावू नका. शिवाय काळी बॅरल नवतप्याच्या उन्हात एकही गोळी न मारता ठेवली तरी साठ अंशांच्या वर जाते, आणि साठ अंशांवरच्या लोखंडाला कुणाचाच हात टिकत नाही. म्हणजे सकाळी सातला जो हात 'चालेल' म्हणतो, तोच अकरा वाजता पहिल्या गोळीआधीच 'थांब' म्हणेल. असं माप काय कामाचं?

मोजायचंच असेल तर बॅरलवर चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ती चेंबरच्या थोडी पुढे लावा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर दोन गोष्टी बघा. कोविडच्या काळात घेतलेली थर्मल गन चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच असते. आणि चकचकीत स्टीलवर कुठलंही इन्फ्रारेड यंत्र खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतं. बॅरलवर काळ्या इन्शुलेशन टेपचा रुपयाएवढा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरून मोजा. मी तिथे ५५-६० दिसलं की बोल्ट उघडतो.

पाण्याबद्दल. बॅरलचं पोलाद कारखान्यात पाचशे अंशांच्या वर टेम्पर केलेलं असतं, त्यामुळे ऐंशी अंशांवर पाणी पडलं म्हणून ते ठिसूळ होईल ही भीती खोटी आहे. भीती वेगळीच आहे. ओतलेलं पाणी चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडाशी, स्टॉकच्या, म्हणजे लाकडी दस्त्याच्या, खाली जातं. ओल्या चेंबरमध्ये काडतुसाचं पितळ भिंतीला धरून राहत नाही, सगळा दाब मागे बोल्टवर येतो. बॅरलमध्ये पाणी राहिलं आणि गोळी सुटली तर त्याहून वाईट. अमेरिकेत काही जण चेंबरमध्ये नळी बसवून आतून पाणी सोडतात, नंतर कोरड्या पॅचने (कापडाच्या छोट्या तुकड्याने) पुसून काढतात. मेहुणा तसं करत असेल तर करू द्या. पण पॅच कोरडा निघाल्याशिवाय त्या रायफलीत काडतूस घालू नका. स्पिरिट ओतणारेही असतात. तापलेल्या लोखंडावर स्पिरिट, आणि बाजूला दारूची काडतुसं! ते करूच नका.

आपल्याकडे याहून चांगला उपाय माठाने शिकवलेला आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की ४५ अंशांतही ओल्या कापडाचं तापमान २५ च्या आसपास उतरतं. म्हणून तर आपले वाळ्याचे कूलर चालतात. मी जुन्या पंच्याचा हातभर तुकडा भिजवून घट्ट पिळतो, थेंब गळता कामा नये, आणि चेंबरच्या पुढपासून बॅरलच्या मध्यापर्यंत गुंडाळतो. बोल्ट उघडा, चेंबर रिकामं, तोंड सुरक्षित दिशेला किंचित खाली, म्हणजे ओल चेंबरकडे येणार नाही. दोन मिनिटांत कापडाच्या कडा वाळून कडक होतात. कापड फिरवून ओली बाजू आत घेतो. तीन-चार फेऱ्यांत जेवढं काम होतं, तेवढ्याला नुसत्या सावलीत अर्धा तास लागतो. वर बॅटरीवरचा छोटा पंखा लावलात तर आणखी चांगलं. नंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायला विसरू नका. पावसाळ्यात मात्र हे चालत नाही, कूलर चालत नाही त्याच कारणाने. साउथ डकोटात जून-जुलैला दुपारी हवा बहुधा कोरडीच असते आणि मोकळ्या गवताळ रानात वाराही भरपूर, त्यामुळे तिथे हे फडकं नक्की न्या.

तुमचा नेम वर सरकतोय त्याचं कारण मात्र बहुतेक वेगळं आहे. दहा रुपयांची नोट घ्या, बॅरल आणि स्टॉकच्या मधून पुढच्या टोकाकडून सरकवत मागे न्या. बॅरल गार असताना नोट जाते का आणि आठ गोळ्यांनंतर कुठे अडते, ते बघा. तापलेली बॅरल थोडी वाकली-फुगली की लाकडाला टेकते, लाकूड तिला खालून वर ढकलतं आणि गोळ्या एका सरळ रेषेत चढत जातात. ग्रुप चारी बाजूंनी सारखा पसरत असता तर मी बॅरलला किंवा तुमच्या डोळ्याला दोष दिला असता. फक्त एक सांगतो, काही जुन्या शिकारी रायफलींत स्टॉकच्या टोकाला मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो. तो पॉलिश पेपरने स्वतः घासू नका, गनस्मिथला दाखवा.

डोळ्याबद्दलही बघून घ्या. तापलेल्या बॅरलमधून उठणारी गरम हवा स्कोपच्या (वरच्या दुर्बिणीच्या) पुढच्या काचेसमोरूनच वर जाते आणि निशाण पाण्यात असल्यासारखं हलतं. जमिनीवरचं मृगजळ वेगळं. बॅरलवरून पुठ्ठ्याने वारा घाला. चित्र क्षणभर स्थिर झालं तर ते बॅरलचं. त्यासाठी स्कोपपासून तोंडापर्यंत दोन बोटं रुंद कापडाची पट्टी ताणून लावतात. आमच्या रेंजवरच्या मुलांनी पडद्याच्या कापडाला वेल्क्रो शिवून घेतलंय, उत्तम चालतं.

आणि काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये ठेवून वाट बघू नका. गेल्या एप्रिलमध्ये एका मुलाने वारा थांबायची वाट बघत भरलेली रायफल अडीच-तीन मिनिटं तशीच धरली. गोळी वर गेलीच, पण बोल्ट उचलायला तळहाताने ठोकावं लागलं. दारू तापली की दाब वाढतो, तो असा कळतो. नेम धरायची तयारी झाल्यावरच काडतूस घाला. डबा सावलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

आता साउथ डकोटासाठी. प्रेअरी डॉग हा कुत्रा नाही, खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी, आणि वसाहतीत शेकड्यांनी असतो. त्यामुळे एकामागून एक गोळी सुटत जाते, भान राहत नाही. जाणती माणसं तिथे दोन-तीन रायफली घेऊन बसतात. शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत पॉइंट टू-टू किंवा .१७ एचएमआर, मधल्या अंतराला .२२३, आणि फार लांबचं असेल तेव्हाच ट्वेंटी-टू-टू-फिफ्टी. शेवटची सर्वांत वेगवान आणि सर्वांत लवकर थ्रोट खाणारी. अशा छोट्या जनावरांसाठीची जाड 'वार्मिंट' बॅरल हळू तापते हे खरं, पण हळूच गारही होते, हे लक्षात ठेवा. मी असतो तर जाड बॅरलच्या .२२३ मध्ये पंधरा गोळ्या, ट्वेंटी-टू-टू-फिफ्टीत आठ, आणि मग रायफल बदलून दहा-पंधरा मिनिटं विश्रांती, असा नियम ठेवला असता. तुमच्या थर्टी-ओ-सिक्सला इथे उन्हाळ्यात तीन गोळ्या आणि दहा मिनिटं. मॅगझिन भरू नका, एकेक काडतूस हाताने घाला आणि डबा हात पुरणार नाही इतका मागे ठेवा. एवढ्यानेच वेग निम्मा होतो.

परदेशी पाहुण्याला तिथे बंदूक हाताळायची तर त्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना आधी काढावा लागतो. मेहुण्याची रायफल आहे म्हणून चालेल असं समजू नका. मेलेल्या जनावराला हात लावू नका, त्यांच्या पिसवांतून प्लेग येतो.

काटोलच्या संत्र्याच्या बागेत रोही आणि रानडुकरं येतात, तिथेही हे वापरता येईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे एकही गोळी नाही. आणि परवानगी मिळाली तरी ते एक-दोन गोळ्यांचं काम आहे, बॅरल तापायचा प्रश्नच येत नाही.

फ्लूटेड बॅरल घ्यावी का, हे राहिलं. बाहेरच्या खाचांमुळे वजन कमी होतं आणि पृष्ठभाग थोडा वाढतो, पण तेवढ्याच जाडीच्या साध्या बॅरलपेक्षा तिच्यात पोलाद कमी असतं, म्हणून ती तापतेही लवकर. खांद्यावर घेऊन चालायचं असेल तर घ्या. बाकावर बसून मारायची असेल तर त्याच पैशात रायफल टेकवायचा चांगला रेस्ट आणि तापमानाची पट्टी येईल.