मौन धरलं की घरचे म्हणतात रुसली

प्रश्न : जयभीम ताई. मी नागपुरात इंदोऱ्यात राहते, शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच माहुरझरीच्या केंद्रात विपश्यना ध्यानाचं 10 दिवसांचं शिबिर केलं. खूप शांत वाटलं. पण घरी आले आणि टीव्ही, कूलरची घरघर, कुकर, सासूबाईंचे फोन, सगळं एकदम अंगावर आलं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं होतं, ते आठवडाभर जमलं मग सुटलं. म्हणून ठरवलं की निदान संध्याकाळी 7 ते 9 मौन पाळायचं, तर नवऱ्याला वाटते मी रागावली आहे, मुलगी विचारते आई माझं काही चुकलं का. परवा तर यावरूनच भांडण झालं. काय करू?

उत्तर : जयभीम ताई. तुमचा प्रश्न वाचून मला माझेच दिवस आठवले, मी पण शिबिरातून आल्यावर अशीच दार लावून बसायची आणि बाहेर सगळे तोंड पाडून बसलेले असायचे. पहिलं सांगते, तुमचं काही बिघडलेलं नाही. तिथं पहाटे 4 ला घंटा होते, ताट समोर येतं, फोन जमा असतो, कोणी तुमच्या डोळ्यात डोळे घालून पाहत पण नाही. ते सगळं मिळून आर्य मौन होतं ना ताई, आणि ते सगळ्यांनी मिळून घेतलेलं असतं. घरी तुम्ही एकटीच गप्प, बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही, मग त्यांना तो अबोला वाटणारच. आपल्याकडे घरात बाई गप्प झाली म्हणजे रुसली हाच अर्थ लावतात, त्यात त्यांचा दोष नाही.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक गोष्ट आहे ती तुमच्यासाठीच असावी असं वाटते. कोसल देशात काही भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकत्र राहायचं आणि भांडण होऊ नये म्हणून एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं, सगळं हाताच्या खुणांनी. वर्षावास संपल्यावर मोठ्या आनंदाने ते श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे गेले, आम्ही फार सुखात राहिलो म्हणाले. भगवंतांनी शाबासकी दिली नाही. मेंढरांसारखे राहिलात आणि त्याला सुख म्हणता, असं सुनावलं, असं मुकं व्रत पुन्हा घ्यायचं नाही म्हणून नियम केला आणि त्याऐवजी पवारणा सांगितली, म्हणजे वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघाला म्हणायचं की माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर करुणेने मला सांगा. मला तर ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा धक्काच बसला होता. त्याच भगवंतांनी दुसरीकडे सांगितलंय की एकत्र जमलात तर एकतर धम्माची चर्चा करा नाहीतर आर्य मौन पाळा. म्हणजे मौन हवंच आहे, पण माणसांपासून तोंड फिरवायला नाही.

तर आजच रात्री जेवताना मुलीला जवळ घेऊन सांगा की बेटा मी रागावली नाही, मला थोडा वेळ शांत बसायचं असते, तुला चालेल का. विचारा, नुसतं जाहीर करू नका. आणि 7 ते 9 ही वेळ सोडूनच द्या, तेव्हाच तर सगळे घरी येतात, मुलीला शाळेतलं सांगायचं असते. पहाटे कूलर बंद करून 20 मिनिटं बसलात तरी पुष्कळ, तासाचा हट्ट नंतर. वीणेची तार फार ताणली तरी वाजत नाही अन् ढिली सोडली तरी वाजत नाही, हे भगवंतांनी सोण भिक्खूला सांगितलंच आहे.

बाकी दिवसाचं काय, तर सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे जागरूक कसं राहायचं ते सांगणाऱ्या भगवंतांच्या उपदेशात, चालणं, खाणं, पिणं, कपडे घालणं, अगदी संडास-लघवीपर्यंत सगळं जाणून करायला सांगितलंय आणि त्यातच बोलताना आणि गप्प असतानाही जाणून राहा असं आहे. मेट्रोने जात असाल तर इंदोरा चौक ते सीताबर्डी फोन पर्समध्ये ठेवा, नुसता श्वास बघा, येतोय, जातोय, कडबी चौकाला मन भांडणात गेलं तर गड्डीगोदामला परत आणा. घरी कुकरची शिट्टी झाली की एक श्वास. आणि सासूबाईंना उत्तर द्यायच्या आधी एक श्वास, हा सगळ्यात अवघड आहे, मला अजून रोज जमत नाही. आपल्या लहान मुलाला, राहुलला, भगवंतांनी आरशाचं उदाहरण देऊन हेच शिकवलं की काया-वाचा-मनाने काही करायच्या आधी, करताना आणि केल्यावर पाहायचं, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास तर होत नाही ना. एखाद दिवशी तोंडातून कडू गेलंच तर रात्री तेवढं जाऊन सांगा, माझं चुकलं. ही तुमच्या घरची पवारणा.

प्रश्न : मी कामठीचा, वय 23. ध्यानाला बसतो तर मित्र म्हणतात डोळे मिटून बसणं म्हणजे चळवळीतून पळणं. खरं आहे का?

उत्तर : नाही दादा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथेच दीक्षाभूमीवर ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यात अष्टांगिक मार्ग पाळायची प्रतिज्ञा आहे, आणि त्या मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे जागरूक राहणं, आहे तशी सम्यक वाणी आणि सम्यक कर्म पण आहे. मित्रांची काळजी मात्र खोटी समजू नको, अन्याय दिसत असताना डोळे मिटून बसणारे आहेत आणि तिथं बोलायलाच पाहिजे. पण मीटिंगमध्ये आपसात चिडून माणसं तुटतात ते तूही पाहिलं असशील. सकाळी अर्धा तास बस अन् संध्याकाळी त्यांच्यासोबत कामाला जा. एखाद्या दिवशी दुपारी गर्दी नसताना दीक्षाभूमीच्या स्तूपात त्यांनाच घेऊन ये, दहा मिनिटं कोणी काही बोलू नका, मग बाहेर येऊन चहा पिता पिता खुशाल वाद घाला.