तळघरातल्या एसीचं पाणी

तळघर बाहेरच्या गटारापेक्षा खाली असेल, तर नुसत्या उतारावर भरवसा ठेवू नकोस. पाणी आपोआप वर चढत नाही, मिस्त्री काहीही म्हणो. छोटा कंडेन्सेट पंप बसव, म्हणजे एसीचं पाणी छोट्या टाकीत साठवून वर ढकलणारा. फ्लोट स्विचवालाच (पाणी चढलं की तरंगून वर येणारा स्विच) घे आणि वायर अशी जोडून घे, की टाकी तुडुंब भरली तर एसीच बंद पडेल. मुंबईच्या दमट हवेत १.५ टनाचा एसी तासाला १ ते २ लिटर पाणी सहज टाकतो. एसीपासून पंपापर्यंत मीटरमागे १ सेंटिमीटर उतार पुरे. पंपाच्या पुढच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. पाइपचं तोंड मात्र गटारात बुडवू नकोस. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की तिथलं पाणी तुंबतं. पाइपात शेवाळ धरतं, मे महिन्यात धुऊन घे. आणि हो, हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं नाही. कुंड्यांना चालेल.