भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) दिसले नाहीत, मग कॅमेऱ्याने टिपायचं काय?

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. डिसेंबरअखेरीस भाड्याने १५०-६०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन भिगवणला गेलात, कुंभारगावातून पहाटे होडी केलीत, दोन तास पाण्यावर फिरलात, रोहित एकही नाही, आणि दुपारी जेवून पुण्याला परत. ‘ठेवण्यासारखा एकही फोटो नाही. असं झालं की दुसरं काय टिपायचं, ते तुम्ही कसं शोधता?’ असं विचारलंय. अशी रिकाम्या हाताने झालेली परत मला चांगली ओळखीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक्स्पोजर, फोकस वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी रोहित का नव्हते ते. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा जलाशय, आणि पाऊस चांगला झाला की डिसेंबरात उजनी काठोकाठ असते. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातात. त्यांना गुडघाभर पाणी आणि उघडा चिखल लागतो, आणि भरलेल्या जलाशयाच्या काठाला तो नसतो. पाणी ओसरायला लागलं की थवे दिसू लागतात, म्हणजे बहुतेक वर्षी जानेवारीनंतर, आणि उन्हाळ्यात जास्त. म्हणून निघण्याआधी धरणाची टक्केवारी बघा, रोज वर्तमानपत्रात येते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, आणि तो टक्केवारीत धरत नाहीत. त्यामुळे ‘शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडं नव्हे. निम्म्याहून जास्त पाणी असतंच. त्याखाली गेलं की तिकडची माणसं ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात. खूप खोल मायनस झालं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं. सोबत ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या गेल्या आठवड्याच्या नोंदी पाहिल्यात तर निम्मी निराशा घरीच टळते.

पण तुमचा खरा प्रश्न हा नाही. माझं मत स्पष्ट आहे: ठरवलेली गोष्ट हुकली की दुसऱ्या ‘स्पॉट’कडे गाडी पळवू नका. तिथेच थांबा, आणि पक्ष्यांबद्दल विचारणं सोडून माणसांच्या कामाबद्दल विचारा. ‘इथे फोटो काढण्यासारखं काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं येतं, एखादं देऊळ नाहीतर सेल्फी पॉइंट. सांगणाऱ्याचा त्यात दोष नाही. ‘उद्या पहाटे तुमच्याकडे काय काम निघालंय?’ असं विचारून बघा. मग कळतं, अमक्याची जाळी उद्या निघणार, तमक्याच्या उसाला तोड आली, शेजारच्या वस्तीवर हुरडा धरलाय आणि पाखरं राखायला माणूस उभा आहे. माझे जपून ठेवलेले फोटो जवळजवळ सगळे या एका प्रश्नातून आलेत.

तुम्ही गेलात त्याच दिवसांत त्याच भागात काय असतं ते सांगते. भोरड्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणाऱ्या या गुलाबी-काळ्या मैना हिवाळाभर आपल्याकडे असतात आणि ज्वारीवर तुटून पडतात. दिवस मावळताना हजारोंनी एकत्र येऊन रात्रीच्या थाऱ्याला उतरतात, बाभळीत नाहीतर उसात. उतरण्याआधी आकाशात थव्याचा आकार सारखा बदलत राहतो, ताणतो, गोळा होतो, मध्येच दुभंगतो. तुम्ही दुपारीच निघालात, म्हणजे हे सगळं मागे राहिलं. थारा कुठे आहे ते पक्षीमित्रापेक्षा ज्वारीवाल्याला जास्त पक्कं माहीत असतं, कारण नुकसान त्याचं होतं. तिथे ६०० ची लेन्स उपयोगाची नाही. २४-७० सारखी रुंद लेन्स लावा, नाहीतर सरळ मोबाईल काढा, पण जमिनीची एक पट्टी, एखादं झाड, एखादं माणूस चौकटीत ठेवा. नुसत्या आकाशावरच्या ठिपक्यांवरून थव्याचा मोठेपणा कळत नाही. शटर १/५०० पासून सुरू करा आणि आकाश उजळ असेल तर एक्स्पोजर किंचित वर घ्या. आणि शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) गोफण घेऊन उभा असलेला माणूस दिसला तर आधी त्याच्याशी बोला. तुम्हाला सुंदर दिसतोय तो थवा त्याचं कणीस खातोय, हे लक्षात ठेवून बोला.

दुसरं म्हणजे गुऱ्हाळ. पुण्याहून भिगवणला जाताना दौंड तालुक्यात यवत-केडगाव पट्ट्यात महामार्गाच्या आजूबाजूला धूर दिसतो, त्यापुढून आपण सगळे भरधाव जातो. पहाटे थांबा. पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन आत येतं, रस उकळणाऱ्या मोठ्या काहिलीतून वाफ उठते, आणि त्या वाफेत गूळ करणारा गुळव्या झाऱ्याने मळी काढत असतो. उन्हाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे वाफ उजळते. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या. सगळ्यात चांगला क्षण काहील उतरवून रस वाफ्यात ओततात तेव्हाचा. तो फार थोडा वेळ टिकतो, म्हणून ‘आता किती वेळ आहे?’ असं गुळव्यालाच विचारून ठेवायचं. कुठे उभं राहायचं हेही त्यालाच विचारा. उकळता पाक अंगावर उडाला तर भाजणं साधं नसतं. थंडीतून एकदम आत गेलात की लेन्सवर दव धरतं. कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच ठेवून आत बसा. तेवढ्यात गप्पा होतात, बहुधा काकवीही मिळते. आणि एक, चुलवणात चिपाडं सारणाऱ्या माणसाकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. तिथला उजेड सबंध गुऱ्हाळात सर्वात चांगला असतो.

भिगवणच्या मासळी बाजाराबद्दल थोडक्यात: लिलावाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, फ्लॅश लावू नका, आणि बोली चालू असताना मधे उभे राहू नका. चिलापीचे ढीग, ओल्या फरशीवरचे बल्बचे उजेड, वजनकाट्याभोवतीचे हात. चेहऱ्यांपेक्षा हातांचे फोटो तिथे जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीने माझं सर्वात जास्त नुकसान केलं ती सांगते. ही उजनीची नाही. दुसऱ्या एका जलाशयावरची आहे. जागा, जिल्हा, कार्यालय, कशाचंच नाव घेत नाही. पक्ष्यांसाठीच गेले होते, उन्हाळा होता, आणि पाणी बरंच खाली गेलं होतं. धरणात गेलेल्या एका जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. त्या गावातून उठवलेली म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन तिथे आली होती. एक आजी जोत्यावर उभ्या राहून कुठे चूल होती, कुठे जातं होतं, गाय कुठे बांधायची, ते दाखवत होत्या. मुलं चिखलातून त्या बोट दाखवतील तिकडे पळत होती. ती माणसं मला ‘काढा की फोटो, आम्हालाही पाठवा’ म्हणत होती. तेवढ्यात पहारेकरी आला, धरणक्षेत्र आहे, परवानगीचं पत्र आणा म्हणाला. मी हुज्जत घातली नाही. कॅमेरा आत ठेवला. ती मंडळी त्या आठवड्यात रोज येणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय गाठलं.

तिथे साहेब दौऱ्यावर. अर्ज कुणाच्या नावे करायचा यावर दोन टेबलांचं एकमत नाही. एकाने सांगितलं हे आमच्याकडे येत नाही, बुडीत क्षेत्र दुसऱ्या विभागाचं. दुसऱ्या विभागाने परत पहिल्याकडे धाडलं. अर्जाचा नमुना नाही, शुल्क किती ते माहीत नाही, आणि कोणत्या नियमाखाली परवानगी लागते हे विचारल्यावर ‘लागते म्हणजे लागते’. अर्ज घेतला, पण माझ्या प्रतीवर आवक क्रमांक द्यायला नकार. एक बाई नातवंडांना घर दाखवते आहे याचा धरणाच्या सुरक्षेशी काय संबंध, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. उत्तर आलं ते पावसाळ्यात. पत्रात परवानगी होती. भिंतींवर तोवर पाणी चढलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा पाणी तेवढं उतरलंच नाही.

महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आपल्याजवळ ठेवू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. हे तेव्हा मला ठाऊक असतं तर निदान त्या टेबलासमोर बोलता आलं असतं. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. एखादं गाव एकदा पाण्याखाली गेलं. त्याची आठवण सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत चाललीत. त्यांचं चित्र टिपून ठेवण्याच्या आड एक आवक क्रमांक यावा, हे योग्य नाही.

यातून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. मी वकील नाही, नियम जागेनुसार वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा हे आपापलं पडताळून घ्या. अचानक समोर आलेला प्रसंग परवानगीची वाट बघत नाही. म्हणून फिरतीवर ट्रायपॉड नेत नाही. हातातला लहान कॅमेरा किंवा मोबाईल बघून कुणी सहसा अडवत नाही, ट्रायपॉड दिसला की ‘शूटिंग आहे का?’ सुरू होतं, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तर ट्रायपॉडला आधी परवानगी लागतेच. धरणाची भिंत, दरवाजे, वीजगृह, जिथे फोटोबंदीचा फलक आहे तिथे कॅमेरा काढूच नका. तो वाद घालायचा विषय नाही. आणि जिथे पत्र लागेल अशी शंका आहे, तिथे जायच्या महिनाभर आधी लेखी अर्ज करा, आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ते देत नसतील तर पोचपावतीसह टपालाने पाठवा.

माणसांची परवानगी हा याहून महत्त्वाचा भाग. ऊसतोडीचा तांडा, त्यांच्या कोप्या (झोपड्या), पहाटेच्या बैलगाड्या, हे सगळं त्या रस्त्यावर हिवाळाभर दिसतं आणि कॅमेरा आपोआप वर जातो. आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. आंघोळीला बसलेली, लेकराला पाजणारी बाई ‘कँडिड’ म्हणून टिपणाऱ्यांबद्दल मला काडीचाही आदर नाही. हो म्हणाले तर फोटो त्यांना द्या. व्हॉट्सॲपवर पाठवता येतोच, पण मी छापूनही नेते. छापलेला फोटो घेऊन दुसऱ्यांदा गेलं की ‘चला, तुम्हाला एक दाखवतो’ म्हणून माणसं आपणहून अशा जागी नेतात ज्या कुठल्याही नकाशावर सापडत नाहीत.

थोडं विषयांतर, पण लिहितेच. होडीत बसलात की नावाड्याला आधीच सांगा, पक्षी उडवायचे नाहीत. पंख उघडलेला फोटो हवा म्हणून चरणाऱ्या थव्यात होडी घालायला लावणारे लोक मी बघितलेत. नावाडी बिचारा गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून ऐकतो. पक्षी चरायचं सोडून उडतात, ताकद वाया जाते, पुढच्या होडीला ते अजून लांब जातात. ड्रोनचंही तेच.

लेन्सबद्दल विचारलंत म्हणून: पुढच्या वेळी १५०-६०० घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण ऊन वर आल्यावर ती वापरू नका. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने विरघळल्यासारखाच येतो. तुमचे फोटो मऊ, म्हणजे धूसर, आलेत त्याचं कारण मला बहुतेक हेच वाटतं, भाड्याच्या लेन्सला दोष देण्याआधी सकाळचे आणि अकरानंतरचे फोटो वेगळे करून बघा. होडीत आधाराला जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही टोकं शिवून त्यात ज्वारी भरा. विकतच्या बीनबॅगपेक्षा स्वस्त पडते, आणि विमानाने जाताना रिकामी नेऊन तिथे भरता येते.

फेब्रुवारीत पुन्हा जाताय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तेव्हा मुक्काम करा, एक संध्याकाळ आणि त्यानंतरची पहाट मोकळी ठेवा, आणि निघताना यवतच्या अलीकडे पलीकडे धूर दिसला की गाडी बाजूला घ्या. कडबनवाडीच्या गवताळ माळावर जायचा विचार असेल तर वनखात्याच्या सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. भोवत्या (हॅरियर) पक्षी आणि चिंकारांबद्दल तुमचा वेगळा प्रश्न होता, त्याचं उत्तर त्या माळाबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे आहेत, त्यांनी द्यावं.