गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वसतिगृहाची शेड घालतोयस, तर आधी हे वाच

अरे, नकाशा नंतर काढ. आधी जागेवर जा आणि गावच्या म्हाताऱ्यांना विचार, पावसात पाणी कुठून येतं. आम्ही पहिली शेड सपाट, सोयीची जागा बघून घातली. जुलैच्या एका रात्री पाणी आत शिरलं आणि वीस पोरं वह्या डोक्यावर घेऊन देवळाच्या मंडपात गेली.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. 'तात्पुरतं' म्हणून जोत्यावर काटकसर करू नकोस. चिऱ्याचं जोतं दीड-दोन फूट हवंच. झड नैर्ऋत्येकडून येते, त्या बाजूला दार नको. वळचण तीन फूट बाहेर काढ, नाहीतर पागोळ्या भिंतीवर उडतात. पत्र्याखाली पावसात बोललेलं ऐकू येत नाही, एप्रिलात भट्टी होते. वरून नारळाची झापं टाक, दोन्ही त्रास कमी होतात. मात्र चूल शेडपासून लांब ठेव.

झोपायला खाटा हव्यातच, लाकडी फळ्यांच्या चालतील. मण्यार रात्री फिरते, बहुतेकदा जमिनीवर निजलेल्याला चावते आणि बरेचदा दुखतही नाही, म्हणून कळत नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचायची सवय लाव.

मुलींची न्हाणी आणि संडास आधी बांध, वाटेवर दिवा लाव. हे मागाहून करू म्हटलं की मुली दिवाळीच्या सुट्टीनंतर परतत नाहीत. दारं बाहेर उघडणारी कर. आणि हो, ओले कपडे वाळत घालायला आडोसा! तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.