पायथन काढू नका, वेगळी खोली द्या

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबंटू 24.04 (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. टर्मिनलमध्ये ‘पायथन’ लिहिलं की ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी घ्यायला गेले तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणत अडतं. पायथन काढून पुन्हा टाकू का?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : मुळीच काढू नका. उबंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. ते काढलं तर त्याच्यावर विसंबलेली पॅकेजेसही जातात आणि पुढच्या वेळी डेस्कटॉपच न उघडण्याची शक्यता असते. पायथन 3.12 तुमच्याकडे आहेच, फक्त आज्ञेच्या शेवटी 3 चा आकडा जोडून लिहायची.

पिप अडतं तेही याच कारणाने. ॲप्टने (उबंटूचं स्वतःचं पॅकेज बसवायचं साधन) बसवलेल्या लायब्ररीवर पिपची वेगळी आवृत्ती वरचढ ठरली, तर सिस्टीमची साधनं बिघडू शकतात. त्याच संदेशात ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय दिसेल. त्याचं नावच इशारा आहे, वापरू नका. सरावासाठी वेगळी खोली करा, म्हणजे सिस्टीमला धक्का न लावता लायब्रऱ्या ठेवायचं स्वतंत्र फोल्डर (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट).

आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन3-व्हेनव्ह’. शेवटचा शब्द व्ही-ई-एन-व्ही असा लिहायचा. सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवणं, म्हणून तुमचा पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकाही उमटत नाही. कीबोर्ड बंद पडलाय असं समजू नका, टाइप करून एंटर दाबा. आता ‘पायथन3 -एम व्हेनव्ह सराव’. मग ‘सोर्स सराव/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘सराव’ दिसलं की तुम्ही आत आलात. इथे ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ विनातक्रार चालतं आणि नुसतं ‘पायथन’ही.

मात्र पिपच्या आधी सुडो लावू नका, नाहीतर पुन्हा सिस्टीमच्याच पिपकडे जाल. नवं टर्मिनल उघडलं की सोर्सची ओळ पुन्हा द्यावी लागते. ‘काल चालत होतं, आज मॉड्यूल सापडत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. ‘सराव’ फोल्डरचं नाव किंवा जागा बदलू नका, कारण आतल्या फायलींत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. बदललाच तर फोल्डर पुसून नवा करा. तुमचे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर ठेवा, म्हणजे पुसताना धास्ती नाही. आणि स्वतःच्या फायलीला ‘नमपाय’ नाव देऊ नका, पायथन आधी तीच उघडतं.

प्रश्न : सीचा प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण ‘ए डॉट आउट’ (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) लिहिलं की कमांड सापडत नाही.

उत्तर : लिनक्स चालू फोल्डरमध्ये आज्ञा शोधत नाही. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ (./) द्या.