कॅशे कुठं ठेवायचा, ते आधी बघ

भावा, मोबाइल नेटवर्कवरचा ट्रॅफिक कमी करायला कॅशिंगचा, म्हणजे सारखं मागितलं जाणारं जवळच साठवून ठेवायचा, प्रोजेक्ट घेतलास ते झ्याक केलंस. पण लगेच अल्गोरिदमच्या मागं लागू नकोस, ट्रॅफिक तुंबतंय कुठं ते आधी शोध. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर नेट रडतं, ते बहुतेक वेळा रेडिओवर, म्हणजे टॉवर आणि फोनमधल्या हवेतल्या जोडणीवर, ताण आल्यानं. कॅशे टॉवरला चिकटवून ठेवलास तरी हवेतून प्रत्येक फोनला व्हिडिओ वेगळाच पाठवावा लागतो. वाचतं ते टॉवरच्या मागचं: बॅकहॉल (टॉवरपासून ऑपरेटरच्या मुख्य नेटवर्कपर्यंतची लाइन) आणि बाहेरून येणारा ट्रान्झिट (दुसऱ्या नेटवर्ककडून विकत घेतलेलं इंटरनेट).

जुन्या रिसर्च पेपरांत ऑपरेटरचा ट्रान्सपरंट प्रॉक्सी दिसेल, म्हणजे वापरणाऱ्याला न कळता मधेच बसून डेटा वाचणारा आणि साठवणारा सर्व्हर. एचटीटीपीएस (डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून पाठवणं) सगळीकडं आल्यापासून त्याला आतलं काही वाचताच येत नाही, त्यामुळं तो नाद सोड. आता गूगल, नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या स्वतःचे कॅशे सर्व्हर ऑपरेटरच्या नेटवर्कमध्ये बसवतात. एन्क्रिप्शनची किल्ली त्यांच्याकडंच असते.

आणि नुसता हिट रेशो, म्हणजे किती रिक्वेस्ट कॅशेतूनच भागल्या ते प्रमाण, दाखवून सरांना खूश करू नकोस. समज, १०० रिक्वेस्ट आल्या. त्यातले २० केबीचे ९० थंबनेल कॅशेतून गेले, २ एमबीचे १० व्हिडिओ तुकडे बाहेरून आणावे लागले. हिट रेशो ९० टक्के, कागदावर लय भारी! बाइट मोजलेस तर जेमतेम ८ टक्के वाचले. आपल्याला ट्रॅफिक कमी करायचाय ना? मग बाइट हिट रेशोच धर.

अल्गोरिदम? एलआरयूनं (जागा संपली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली फाइल आधी काढायची) सुरुवात कर, चालतंय की. फक्त पहिल्याच मागणीला फाइल साठवू नकोस, दुसऱ्यांदा कुणी मागितली की ठेव. एकदाच बघून सोडलेल्या व्हिडिओंनीच डिस्क भरते.