पत्त्यांचे प्रश्न : शेवटच्या डावाला किती लावायचे?

प्रश्न : आम्ही विश्रामबागला मित्राच्या गच्चीवर दर शनिवारी ब्लॅकजॅकची टूर्नामेंट खेळतो, पैसे अजिबात नाहीत, हरेल त्याने सगळ्यांसाठी भडंग आणायचं. प्रत्येकाला १००० च्या चिप्स, २० डाव, कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५०० लावता येतात, शेवटी ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. परवा शेवटच्या डावाला दोघंच शर्यतीत होतो, माझ्याकडे १३००, समोरच्याकडे ११००, आणि आधी लावायची पाळी माझी. पुढे आहे म्हणून मी दणकून ५०० लावले. त्याने नुसते १० लावले. मी हरलो आणि तो जागेवर बसून जिंकला. चुकलं कुठं? — एक वाचक, सांगली

उत्तर : पत्ते वाटायच्या आधीच चुकलं. ५०० गेले की तुमचे राहतात ८०० आणि त्याचे ११०० आहेत तिथेच आहेत, म्हणजे त्याला जिंकायची गरजच उरली नाही, तुम्ही हरायची वाट बघत बसलं की झालं. ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येकाचा सामना डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याशी, असतो, २१ च्या वर न जाता जो जास्त जवळ जाईल तो जिंकतो, आणि खेळणारा १०० पैकी साधारण ४८ डाव हरतो, ४३ जिंकतो, उरलेले बरोबरीत सुटतात. ती ४८ ची बाजू तुम्ही त्याला आयती दिलीत.

लावायचे होते १९०. आघाडी २०० ची, तिच्यापेक्षा एक चिप कमी. मग हरलात तरी १११० उरतात, त्याने हात आखडून बसायची सोयच संपली. आता त्याला जिंकावं लागणार आणि तेही मोठं जिंकावं लागणार, कारण तुमचे १९० आले तर १४९० होतात, त्याला ४०० तरी लावायलाच हवेत, तो बहुधा पूर्ण ५०० लावेल. म्हणजे ४३ ची, म्हणजे कमजोर बाजू त्याच्याकडे गेली.

आता कुणी म्हणेल की मग १० च का नाही लावायचे, सुरक्षित राहू. तर नाही, कारण १९० मध्ये डबल (पत्ते बघून लावलेले दुप्पट करायचे आणि फक्त एकच पत्ता घ्यायचा) लपलेला आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. समजा त्याचे ५०० लागलेत, त्याला १० आणि ९ असे १९ आलेत, तुम्हाला १० आणि दुर्री म्हणजे १२, डीलरचा उघडा पत्ता ६, आणि आधी खेळायचंय तुम्हाला. एरवी १२ वर ६ दिसला की सगळेच नवा पत्ता न घेता थांबतात, डीलर ६ वर १०० पैकी ४२ वेळा बस्ट होतो, म्हणजे २१ च्या वर जाऊन हरतो ना. पण इथे थांबलात आणि डीलर बस्ट झाला तर तुमचे १४९०, त्याचे १६००, खेळ खलास. एरवी ज्याच्यासाठी आपण देव पाण्यात ठेवतो तेच इथे अंगावर येतं! थांबून तुम्ही वाचता ते फक्त डीलरला १९, २० किंवा २१ आले तर, म्हणजे १०० तले ३०.

म्हणून डबल करा. १९० चे ३८० होतात, जिंकलात की १६८०, त्याच्या १६०० च्या वर. एकच पत्ता मिळणार, दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा आला तर तुम्ही बस्ट, पण बाकीच्या ९ प्रकारच्या पत्त्यांवर तुम्ही जिवंत आहात. शिवाय डीलरला २० किंवा २१ आले तर त्याचे ५०० जाऊन ६०० उरतात आणि तुमचे हरूनसुद्धा ९२०. सगळं धरून तुमची बाजू ५५ च्या पुढे जाते. त्यालाही डबल करावंसं वाटेल, पण १९ वर पत्ता ओढला तर एक्का आणि दुर्री सोडून सगळं बस्ट आहे, करू दे. लावायच्या वेळी १० लावले असते तर हा रस्ताच नव्हता, १० चं डबल करून काय होणार.

प्रश्न : असंच ऑनलाइन पैसे लावून खेळलं तर चालेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, त्यात कौशल्याचा खेळ आहे म्हणूनही सुटका नाही. कॅसिनो आपल्या राज्यात नाहीतच, १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तोही रद्द केला. गोव्यात आहेत ते तिथल्या कायद्याने. तुम्ही भडंगावर खेळा, गणित तेच आहे.

प्रश्न : आमच्याकडेही हेच नियम, जिंकणाऱ्याला कंदी पेढे. माझ्याकडे १०००, पुढच्याकडे १४००, त्याने आधी ५०० लावून टाकले. शेवटचा डाव, मी मागे, म्हणजे मीही ५०० च लावायचे ना? — एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नाही! मागे पडलं की हात आपोआप सगळ्या चिप्सकडे जातो, तिथेच थांबा आणि आधी त्याच्या चिप्स मोजा. तो हरला तर त्याच्याकडे ९०० राहतात. तुम्ही ९० किंवा त्याहून कमी लावा, तुमचे सगळे गेले तरी ९१० उरतात. आता तो हरला की तुम्ही जिंकलात, तुमचे पत्ते काहीही असोत, म्हणजे ती ४८ ची बाजू तुमची. तुम्हीही ५०० लावले असते तर दोघांसमोर डीलर एकच, तो चांगला आला की दोघंही हरणार आणि दोघंही हरले तर पुढे तोच राहणार, म्हणजे बहुतेक वेळा त्याने हरायचं आणि तुम्ही न हरायचं असं दोन्ही एकाच वेळी जुळून यायला लागलं असतं.

त्याने ५० च लावले असते तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो जिंकून १४५० वर जातो, तुम्हाला ४६० च्या खाली जमत नाही, सरळ ५०० लावायचे.

फक्त तुमच्याकडे सरेंडर चालतं का ते बघा. चालत असेल तर वाईट पत्ते आल्यावर तो अर्धे म्हणजे २५० सोडून ११५० वर बसेल, आणि तुम्ही ९० जिंकूनही १०९० च होतात. तेव्हा डबल न करता पुढे जायचं तर १६० तरी लावावे लागतात, पण ते गेले तर ८४० उरतात आणि तो हरला की तुम्ही जिंकलात ही ४८ ची बाजू हातातून जाते. म्हणून पहिला डाव वाटायच्या आधीच सरेंडर आहे की नाही हे सगळ्यांसमोर ठरवून घ्या.